मॉसला मुळं नसतात

गेल्या महिन्यात नातीनं एक जाडजूड स्मरणिका माझ्या मांडीवर आणून ठेवली. बारामतीच्या एका शाळेची. त्या शाळेच्या मागच्या गल्लीत मी तरुणपणी चार वर्षं भाड्यानं राहिलो होतो, हे तिला माहीत होतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, देणगीदारांची नावं मोठ्या अक्षरांत. शेवटाकडे जुन्या शिक्षकांची काही पानं. त्यांत बुरुंगले मास्तरांच्या वाट्याला तीन ओळी आलेल्या.

'कै. बुरुंगले सर हे शास्त्राचे हौशी शिक्षक होते. परंतु त्यांच्या सांगण्यावरून विद्यार्थ्यांनी चारीच्या पुलाच्या सांध्यांतील शेवाळ मुळासकट उपटून काढले, त्यामुळे चुना सैल होऊन पूल ढासळला. पुढे ते शाळा सोडून गेले.'

स्मरणिका माझ्या हातून खाली पडली. नातीला वाटलं, साखर उतरली. ती पळत जाऊन साखरेचं पाणी घेऊन आली आणि मी तिच्यावर ओरडलो. त्या पोरीचा काय दोष? मधली ओळ माझी होती. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मी ती एका सरकारी कागदावर लिहिली. तिथून ती कुणीतरी शाळेच्या दफ्तरात उतरवली, दफ्तरातून स्मरणिकेत. एकाही शहाण्याला वाटलं नाही की हे खरं आहे का ते कुणाला तरी विचारावं. आता शाळेतली पोरं ते वाचणार आणि बुरुंगले मास्तर म्हणजे पूल पाडणारा वेडा माणूस, असं समजणार.

म्हणून हे लिहितो आहे. ज्या खात्यात मी होतो त्याचं नाव घालत नाही. खात्याच्या आड लपायची सवय मला आधीच फार आहे.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधला काळ. मी कालव्याच्या कामावर ओव्हरसिअर होतो, वय चोविसाच्या आसपास. मास्तर माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. चाळिशीचे असतील. उंच, किडकिडीत, धोतर कायम एका बाजूला वर गेलेलं. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. ते सदऱ्याच्या आत असायचं, त्यामुळे नवख्या माणसाला वाटायचं ताईत आहे. मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे. घरी ऊस होता, थोरले भाऊ शेती बघायचे. हे मात्र पुण्याला जाऊन वनस्पतिशास्त्र शिकून आले. भाऊ म्हणायचे, "एवढं शिकला, आन् बघतोय काय, तर भिताडं!"

ते खरंच होतं. मास्तर रस्त्यानं चालताना माणसांकडे बघत नसत, भिंतींकडे बघत. विहिरीचं तोंड, देवळाचा पार, पडका बुरूज, जे दिसेल त्याला उलटा हात लावायचे, आई पोराच्या कपाळाला लावते तसा. तळव्याला कष्टानं घट्टे पडतात, त्याला ओल कळत नाही, मागच्या कातडीला कळते, असं त्यांचं म्हणणं. आणि कुणीही काहीही ठासून सांगायला लागलं की त्यांचा एकच प्रश्न असे : "हात लावून बघितलंत?"

या प्रश्नानं त्यांनी किती माणसं तोडली असतील! एकदा हेडमास्तर वर्गात येऊन म्हणाले, फळा नीट पुसलेला नाही. मास्तर म्हणाले, "हात लावून बघितलंत?" हेडमास्तरांनी लावला. फळा पुसलेलाच होता, रंग उडालेला होता. पोरं हसली. हेडमास्तर ते कधी विसरले नाहीत.

त्यांची तपकिरीची डबीही प्रसिद्ध होती. पितळी, चपटी, वरच्या खिशात. मास्तर तपकीर ओढत नसत. डबीत वाळलेलं मॉस, म्हणजे ओल्या भिंतींवर वाढणारं हिरवं शेवाळ असे. ते पुरतं वाळलं की त्याचा भुगा होतो आणि दिसायला तपकिरीसारखाच दिसतो. हेडमास्तरांनी एका सभेत न विचारता त्या डबीतून भली मोठी चिमूट घेतली आणि नाकात ओढली. शिंकांवर शिंका. डोळे लाल. मास्तर घाबरून म्हणाले, "सर, पाणी लावू नका, नाकात उगवेल!" एवढा एकच विनोद मी त्यांच्या तोंडून ऐकला, आणि तोही विनोद होता की खरी काळजी, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी एकटा होतो. मास्तरांच्या पत्नी, त्यांना मी वहिनी म्हणायचो, आमटीची वाटी भिंतीवरून पुढे करायच्या. मी कामावरून येताना सणसरच्या गुऱ्हाळातून काकवी आणायचो आणि ती माझ्या वाटीतून द्यायचो. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. हे मुद्दाम सांगतो आहे. पुढे लागेल.

एका रविवारी मास्तरांनी मला न्हाणीच्या मागच्या भिंतीशी बोलावलं. पावसाळा संपत आला होता. भिंतीवर हिरव्या मखमलीसारखं मॉस आणि त्याच भिंतीच्या फटीत उगवलेलं उंबराचं वीतभर रोप.

"ओव्हरसिअर, दोन्ही उपटा."

मॉस मी नखानं ओढलं. चटकन निघालं. खाली वीट जशीच्या तशी, ओरखडासुद्धा नाही. उंबर ओढला तर वरचा शेंडा हातात आला. पुन्हा जोर केला, तेव्हा मुळाबरोबर विटेचा टवका आणि मूठभर माती बाहेर आली.

"बघितलंत? उंबर भिंत फोडणारच. त्याला मोठं व्हायचंय, पाणी लांबून आणायचंय. त्याच्या आत तुमच्या खात्यासारखी सगळी व्यवस्था आहे. मूळ म्हणजे तुमचं धरण. खोडात मुख्य कालवा, फांदीत चारी, पानात पोटचाऱ्या. शेवटच्या पानाला पाणी मिळतं, तुमच्या शेवटच्या शेतकऱ्याला मिळत नाही ते सोडा. आणि याच्यात?" त्यांनी मॉसचा पुंजका माझ्या तळहातावर उलटा ठेवला आणि भिंग दिलं. "मूळ शोधा."

बारीक तपकिरी केस दिसले, लोकरीसारखे.

"ते केस. दगडाला धरून बसायला. मॉसला मुळं नसतात. धरण नाही, कालवा नाही, चारी नाही. अंगाला लागेल तेवढंच पाणी, अंगानंच प्यायचं. म्हणून बोटाच्या पेरापलीकडे वाढत नाही."

"फूल?"

त्यांनी खिशातून पिकलेलं उंबर काढून चाकूनं चिरलं. आत बारीक बारीक फुलं गच्च भरलेली. "उंबर फुलं लपवतो. याच्याकडे लपवायलाच काही नाही. फूल नाही, फळ नाही, बी नाही. या काड्या दिसतात? त्यांच्या टोकाला बोंड आहे, बोंडाला झाकण. झाकण उडालं की धूळ उडते. ती ओलीवर पडली की नवीन मॉस."

"आणि उन्हाळ्यात?"

"झाड पुरतं वाळलं की मेलं. हे वाळलं की नुसतं थांबतं."

तासभर ही शिकवणी चालली. मला सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायला आज मला फार आवडलं असतं.

सणसरच्या अलीकडे एका ओढ्यावर दगडी पूल होता. माणसांसाठी नव्हे, पाण्यासाठी. त्याच्या डोक्यावरून चारी पलीकडे जायची. खालच्या अंगाचा सगळा ऊस त्या चारीवर. त्या शिकवणीच्या आदल्या वर्षी मार्गशीर्षात त्या पुलाची डागडुजी झाली. दगडांच्या सांध्यांतला जुना चुना तीन बोटं खोल खोदून काढायचा आणि नवा ठासून भरायचा, असं काम. गवंडी ते करतो की नाही हे मी लोखंडी सळई खुपसून बघायचं. नेमके ते दोन दिवस मी फलटणला मुलगी बघायला गेलो. आलो तेव्हा भिंत छान गुळगुळीत दिसत होती. मी सळई घातली नाही. मोजमापाच्या पुस्तकात सही केली. मुलीनं मला नाकारलं, मला गवंड्याची होती त्यापेक्षा तिला माझी पारख बरी होती.

मास्तर पोरांना घेऊन त्या पुलाखाली जायचे. पोरं नखानं दोन-चार पुंजके काढायची, कागदाच्या पुडीत ठेवायची. एवढंच.

शिकवणीनंतरच्या चैत्रात एका संध्याकाळी मास्तर सायकलवरून धुळीनं माखून आले आणि घरात न जाता माझ्या दारात उभे राहिले.

"ओव्हरसिअर, तुमच्या पुलाच्या पोटात पाणी साठलंय."

"मास्तर, कालव्याच्या पाण्याची पाळी बंद आहे. चारी कोरडी ठणठणीत."

"म्हणून तर म्हणतो. बारा दिवस चारी कोरडी आणि सणसरच्या अंगाला वरून तिसऱ्या थरात चार हात मॉस हिरवंगार. शेजारची बाभळही हिरवी आहे, पण तिचं मी काही बोलत नाही. तिची मुळं कुठून पाणी ओढतात कुणास ठाऊक. मॉसला ते जमत नाही. ते हिरवं आहे म्हणजे तो दगड ओला आहे. भर चैत्रात दगड ओला आहे म्हणजे मागे पोकळी आहे." त्यांनी वहीच्या पानावर काढलेली आकृती दिली. थर मोजलेले, दगड मोजलेले. "सांधे खोदून बघा. पुढची पाळी सुटायच्या आत."

मला खोदायची गरज नव्हती. आकृती बघताक्षणी मला कळलं की गवंड्यानं वरून नुसता हात फिरवला आहे. सांधे खोदले तर माझी सही उघडी पडणार होती.

मी आमच्या साहेबांना एवढंच म्हणालो, "पुलाला थोडी ओल वाटते." साहेब म्हणाले, "परवा मोठे साहेब येतायत. चुना मार."

आमच्याकडे तपासणी म्हणजे चुना. मैलाचे दगड, मोऱ्या, बंगल्यापुढच्या झाडांची खोडं, हलत नाही त्या प्रत्येक वस्तूला चुना. मी स्वतः उभा राहून भिकू मुकादमाकडून तारेच्या ब्रशनं ते मॉस खरडून घेतलं.

भिकू थांबला. "रावसाब, मास्तर म्हनत व्हते, ही हिरवळ खरडू नगा. हितंच दुखनं हाय म्हनं."

"मास्तर पुलाचा पगार खातो का? खरड."

"मी काय, खरडतो," भिकू म्हणाला. "दुखनं खरडून जातंय व्हय?"

चुना मारला. सगळा पूल पांढराशुभ्र झाला, तिसऱ्या थरातला पट्टा तेवढा राखाडी राहिला. चुना तिथं वाळेचना. दुसरा हात दिला. मोठे साहेब जीपमधून उतरले नाहीत, लांबूनच म्हणाले, "छान ठेवलंय."

मास्तर दुसऱ्या दिवशी पुलावर गेले. परत आले ते उजवा हात पुढे धरून. हाताच्या मागच्या बाजूला ओला चुना.

"सगळीकडे हात लावला. फक्त तिथला चुना हाताला आला. ओव्हरसिअर, पाळी सोडू नका."

"पाळी सोडणं माझ्या हातात नाही."

"लिहिणं तर आहे?"

मी म्हणालो, बघतो.

पाळी सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिसरा थर आधी फुगला आणि मग भिंतच ओढ्यात गेली. माणूस मेला नाही हे नशीब. पण चारी बंद पडली आणि खालचा ऊस दोन पाळ्या कोरडा राहिला. सणसरचे लोक कालव्याच्या बंगल्यावर आले. त्यांच्यातले एक म्हातारे आबा माझ्या तोंडापुढं हात नाचवून म्हणाले, "आमी ऊस काय तुमच्या चुन्यावर वाढवायचा व्हय?"

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "सांध्यात हिरवं काहीतरी होतं ना? कुणी काढलं?"

"आपणच खरडलं साहेब."

"त्याच्या आधी?"

"मास्तरांची पोरं नमुने न्यायची."

"मग तसं लिही ना!"

मी लिहायला बसलो. 'विद्यार्थ्यांनी शेवाळ उपटले' एवढं लिहून थांबलो. वाक्य लंगडं वाटलं. नुसतं शेवाळ उपटल्यानं दगडी पूल पडतो हे कोण मानणार? मी टाक दौतीत बुडवला आणि मध्ये 'मुळासकट' हा शब्द घातला. साहेबांनी तो सांगितला नव्हता. त्यांना तेवढी अक्कल नव्हती. भिंत कशानं फुटते आणि कशानं फुटत नाही, हे त्या बंगल्यात फक्त मला शिकवलेलं होतं. ज्यांनी शिकवलं त्यांच्याच गळ्यात मी ते अडकवलं.

चौकशी बंगल्याच्या व्हरांड्यात झाली. मोठे साहेब, आमचे साहेब, हेडमास्तर, सणसरचे पाच-सहा जण. मास्तरांना उभं ठेवलं. रिपोर्ट वाचून झाला तेव्हा त्यांनी खिशातून डबी काढली.

"काय, तपकीर?" मोठे साहेब म्हणाले. सगळे हसले. हेडमास्तर जरा जास्तच.

मास्तरांनी एक पुंजका टेबलावर ठेवला, शेजारी भिंग. "साहेब, याला मूळ दाखवा. दाखवलंत तर राजीनामा इथं लिहून देतो. मॉसला मुळं नसतात. त्यानं सांधा फुटत नाही, काढल्यानं ढिला होत नाही. ते फक्त सांगत होतं, इथं पाणी आहे."

सणसरचे आबा चिडून म्हणाले, "मुळं न्हाईत? मंग काय वाऱ्यावर जगतंय?"

मास्तर रागात गावाकडचं बोलायचे. "वाऱ्यावर न्हाय आबा. अंगावर पडंल तेवढ्या पान्यावर जगतंय. हितं या, हात लावून बघा."

आबा उठलेही. पण मोठे साहेब म्हणाले, "पुरे. हे वनस्पतिशास्त्र शाळेत. ओव्हरसिअर, तुम्ही जागेवर होता. मुळं होती?"

भिंग टेबलावर होतं. माझ्यापासून हातभर अंतरावर. 

"होय साहेब," मी म्हणालो. "होती."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. फार हळू, वर्गातल्या कच्च्या पोराला विचारावं तसं म्हणाले, "हात लावून बघितलंत?"

मी रिपोर्टाची घडी घातली. आबा पुन्हा खाली बसले.

शाळेनं त्यांना काढलं नाही, राजीनामा मागितला. शाळावाले कुणाला काढत कधीच नाहीत, राजीनामा मागतात. हेडमास्तरांनी पोरांना सांगितलं, सर प्रकृतीमुळे जात आहेत. ज्या सणसरच्या लोकांचा ऊस वाळला त्यांना वाटलं, मास्तरनं वाळवला. गवंड्याला त्याच पुलाचं काम पुन्हा मिळालं. मला दोन वर्षांत बढती मिळाली. हे सगळं मी शांतपणे लिहितो आहे असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. हा कागद दोनदा फाटला आहे.

ते घर सोडून गेले त्या सकाळी वहिनींनी भिंतीवरून माझी वाटी ठेवली. घासूनपुसून लख्ख. आत काही नव्हतं. साखरेचा कणसुद्धा नाही. वहिनी आत गेल्या.

मास्तर इंदापूरला मेहुण्याकडे राहिले. तिथं शिकवण्या करून बघितल्या, पण गोष्ट त्यांच्या आधी पोचली होती. बाजारात पोरं मागून ओरडायची, "पूलपाडे मास्तर आले, भिंती सांभाळा!" हे मला भिकूनं सांगितलं. सांगून वर म्हणाला, "रावसाब, तुमी एकदा जाऊन या इंदापुरात. तुमी बोलला तर लोक ऐकत्याल." मी म्हणालो, जातो. गेलो नाही. इंदापूर काय विलायतेत होतं?

स्मरणिका वाचल्यावर मी शाळेला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, सळईपासून. उत्तर आलं : 'आपल्या भावना पोचल्या. अंक छापून झाला असल्याने बदल शक्य नाही.' भावना! मी यांना भावना पाठवल्या नव्हत्या. वाक्य चूक आहे असं कळवलं होतं, आणि ते कुणी लिहिलं तेही कळवलं होतं.

मास्तर मला त्यानंतर एकदाच दिसले. दोनेक वर्षांनी. माझी बदली झाली होती, एसटी मोरगावला थांबली. माणसं पाणी प्यायला उतरली. थांब्याजवळच्या दगडी भिंतीशी कुणीतरी उलटा हात लावून उभं होतं. धोतर एका बाजूला वर गेलेलं.

मी ओळख न देता गाडीत बसून राहू शकलो असतो. त्यांनीच बघितलं. "या ओव्हरसिअर."

जवळच्या वस्तीवर प्राथमिक शाळेत होते. पहिली ते चौथी, एकटेच. सगळा मुलूख ज्वारी-बाजरीचा, उन्हानं पांढरा पडलेला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "इथं मॉस कुठलं मिळायला!"

"मिळतं. पावसाळ्यात दोन महिने. मग थांबतं." त्यांनी डबी काढली. "तांब्या आहे ना तुमच्याकडे? थोडं पाणी द्या."

मी पाणी ओतलं. त्यांच्या तळहातावर तपकिरी, चुरगळलेला पुंजका होता. मेलेला. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. आधी कडा हलल्या. मग एकेक पान सुटं झालं, अंग पसरायला लागलं, आणि पाच-सात मिनिटांत त्यांच्या हातावर हिरवी मखमल होती.

"तुमच्या पुलावरचं," मास्तर म्हणाले. "तिसरा थर. आकृती काढली त्या दिवशी घेतलं होतं." तो पट्टा तर मी नंतर खरडून टाकला होता.

कंडक्टरनं घंटी दिली.

"एक विचारायचं होतं. रिपोर्टात ते मुळाचं कुणी घातलं?"

"वरून आलं," मी म्हणालो.

"वरून." ते हातावरच्या पुंजक्याकडे बघत म्हणाले. "वरच्यांना कुठून माहीत असणार! माहीत असलेल्या माणसानंच घातलंय ते." मग त्यांनी तो पुंजका बोटानं उलटा केला आणि हात माझ्यापुढे धरला. "घ्या. बघा एकदा."

घंटी पुन्हा वाजली. मी गाडीत चढलो. गाडी वळेपर्यंत खिडकीतून दिसत होते. उन्हात उभे, हात तसाच पुढे धरलेला, दुसऱ्या हातानं त्यावर सावली केलेली.

मी हात लावला नाही.